कंत्राटावर वाद, हातात शेअर: आता काय करायचे?

वाचकांकडून फिरून फिरून येणारा एक प्रश्न असा असतो. रक्ताच्या तपासण्या करणाऱ्या, सीटी-एमआरआयची केंद्रे चालवणाऱ्या किंवा तपासणीचे किट बनवणाऱ्या एखाद्या कंपनीला मोठे सरकारी कंत्राट मिळाले म्हणून शेअर घेतला. आता सरकार म्हणते काम कराराप्रमाणे झाले नाही, पैसे देणार नाही. कंपनी म्हणते आमची बाजू भक्कम आहे. शेअर आपटला आहे. ठेवावा, विकावा, की स्वस्तात मिळतोय म्हणून आणखी घ्यावा?

बहुतेक जण पत्राच्या शेवटी विचारतात, "केस कोण जिंकेल?" याचे उत्तर मी देऊ शकत नाही. ते कुणी दिलेच, तरी तुमचा निर्णय त्यावर ठरू नये, असे माझे ठाम मत आहे. का ते आधी एका पुऱ्या झालेल्या प्रकरणावरून पाहा.

केस निभावली, शेअर बुडाला

नोव्हासिट ही फ्रान्समध्ये नोंदलेली कंपनी. तिचा शेअर लंडनच्या एआयएम बाजारात आणि पॅरिसच्या युरोनेक्स्ट ग्रोथवर असे. साउथहॅम्प्टनची तिची उपकंपनी प्रायमरडिझाइन कोविडची पीसीआर चाचणी बनवण्यात आघाडीवर होती आणि ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०२० मध्ये तिच्याकडून प्रचंड खरेदी केली. त्या वर्षी नोव्हासिटची विक्री सुमारे २७.७ कोटी पौंडांवर गेली. किरकोळ गुंतवणूकदारांनी शेअरवर उडी घेतली नसती तरच नवल.

एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने आरोग्य खात्याशी कंत्राटावरून वाद असल्याचे जाहीर केले आणि भाव कोसळला. वर्षभराने खात्याने कोर्टात दावा लावला. किट निकषांना उतरले नाहीत, म्हणून सुमारे १३.४६ कोटी पौंड परत द्या, अशी मागणी होती. कंपनीने न दिलेल्या बिलांसाठी सुमारे ८ कोटी पौंडांचा उलट दावा केला. जून २०२४ मध्ये, सुनावणीच्या तोंडावर, तडजोड झाली. कंपनीने ५० लाख पौंड द्यायचे, तेही चूक कबूल न करता, आणि विषय संपला. मागितलेल्या रकमेच्या चार टक्केही नाहीत.

म्हणजे "कंपनीच्या बाजूने लागेल" असे म्हणणाऱ्यांचा अंदाज जवळपास खरा ठरला. पण वाद जाहीर झाला तेव्हा काही पौंडांत असलेला शेअर तडजोडीच्या वेळी एका पौंडाच्याही खाली होता. कारण कोविड ओसरल्यावर धंदाच उरला नव्हता. २०२३ ची विक्री सव्वा कोटी पौंडांच्या आत आली. २०२१ च्या अखेरीस सुमारे १० कोटी पौंड असलेली रोकड दोन वर्षांत ४.४ कोटींच्या आसपास उतरली. तोटे होत राहिले, वकिलांची बिले आली, मध्येच मँचेस्टरची युअरजीन ही कंपनी विकत घेतली गेली. तीन वर्षे सगळ्यांच्या नजरा कोर्टाकडे होत्या आणि पैसा दुसऱ्याच दाराने गेला.

आता याच आरोग्य खात्याचे दुसरे प्रकरण घ्या. पीपीई मेडप्रो ही तपासणीची नव्हे, सर्जिकल गाऊन पुरवणारी खासगी कंपनी. तिथे तडजोड झाली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तिला सुमारे १२.२ कोटी पौंड परत करायला सांगितले. निकाल लागेपर्यंत कंपनी दिवाळखोरीसारख्या प्रक्रियेत गेलेली होती. म्हणजे सरकार जिंकले, पण वसूल कुणाकडून करायचे हा प्रश्न उरला.

म्हणून कोर्टाचे भाकीत बाजूला ठेवा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा: हे कंत्राट शून्य धरले तर कंपनी किती मोलाची उरते? आणि वाद मिटेपर्यंत तिची रोकड टिकते का?

आधी वाद कशाचा आहे ते ओळखा

"सरकारशी वाद" या एका नावाखाली पाच वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. धोक्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

- नुसता उशीर. बिले मंजूर आहेत, निधी आला नाही. राज्यांच्या आरोग्य योजनांत हे नित्याचे आहे. पैसा बहुधा येतो, पण व्याज कंपनीच्या डोक्यावर बसते.
- प्रतिस्पर्ध्याची याचिका. निविदेत हरलेला हायकोर्टात जातो. टाटा सेल्युलर खटल्यापासून, म्हणजे १९९४ पासून, न्यायालये सरकारच्या निविदा-निर्णयात सहसा मर्यादित हस्तक्षेप करतात. पाचांतला हा प्रकार मला सर्वांत कमी घाबरवतो. मात्र कोर्टाने स्थगिती दिली का, हे पाहा. यंत्रे विकत घेऊन, माणसे नेमून कंपनी बसली असेल तर सहा महिन्यांची स्थगितीही जड जाते.
- गुणवत्तेचा वाद. किट चुकीचे निकाल देते, अहवाल वेळेत येत नाहीत, प्रयोगशाळेकडे ठरलेली मान्यता नाही. इथे नुकसान एका कंत्राटापुरते राहात नाही. इतर ग्राहकही तेच किट वापरत असतात.
- दराचा वाद. एप्रिल २०२० मधले रॅपिड अँटीबॉडी किटचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. आयसीएमआरने ६०० रुपये दराने मागवलेले चिनी किट आयात करताना २४५ रुपयांना पडत होते, हे आयातदार आणि वितरकाच्या आपसातल्या भांडणातून दिल्ली हायकोर्टात उघड झाले. कोर्टाने कमाल दर ४०० रुपये ठरवला. नंतर किटच सदोष निघाल्याने आयसीएमआरने व्यवहार रद्द केला आणि आगाऊ पैसे दिलेले नसल्याने सरकारचा एक रुपयाही जाणार नाही, असे जाहीर केले. मग तोटा कुणाचा? साखळीत मध्ये उभे असलेल्यांचा. तुमची कंपनी साखळीत कुठे उभी आहे हे म्हणून विचारायचे.
- बिलांचा घोटाळा. न केलेल्या तपासण्यांची बिले, एकाच रुग्णाच्या दुबार नोंदी, त्यावर कॅगचा आक्षेप किंवा तपास यंत्रणांची चौकशी. हा प्रकार दिसला तर माझ्या मते पुढचे काही वाचायची गरज नाही. भाव कितीही उतरलेला असो, बाहेर पडा. चौकशी संपेपर्यंत कंपनीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला आधार नसतो.

कागद कुठे सापडतील

वर्तमानपत्रातली बातमी आणि टेलिग्रामवरचा स्क्रीनशॉट यांवर थांबू नका. पुढचे जवळपास सगळे फुकट मिळते.

1. शेअर बाजाराला दिलेली घोषणा. बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाका. सेबीच्या लिस्टिंग नियमांतील नियम ३० प्रमाणे महत्त्वाच्या घडामोडी ठरलेल्या वेळेत कळवाव्या लागतात. कंपनीबाहेरून उद्भवलेल्या घटनेसाठी ही मुदत साधारण २४ तासांची आहे. खटल्यांबाबत काही अटींवर ती ७२ तासांपर्यंत जाते. रकमेचा निकष उलाढालीच्या २ टक्के, नक्त मूल्याच्या २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफा-तोट्याच्या ५ टक्के, यांपैकी जो आकडा लहान तो. कंत्राट "नेहमीच्या व्यवसायातले" होते, म्हणून रद्द झाल्याचे कळवायची गरज नव्हती, असा युक्तिवाद कंपन्या करतात. पण मिळाले तेव्हा ढोल वाजवून कळवले होते का, तेही त्याच पानावर दिसेल. तसे असेल तर त्या व्यवस्थापनाबद्दल जे समजायचे ते समजा.
2. मूळ निविदा. हा कागद किरकोळ गुंतवणूकदार क्वचितच वाचतात, आणि सर्वांत उपयोगाचा तोच. महाराष्ट्राचे निविदा संकेतस्थळ महाटेंडर्स, इतर राज्यांची तशीच संकेतस्थळे, राष्ट्रीय आरोग्य अभियानाची राज्यांची पाने यांवर निविदेबरोबर कराराचा मसुदाही अनेकदा जोडलेला असतो. त्यात चार गोष्टी शोधा: बिल किती दिवसांत द्यायचे, दंडाची कमाल मर्यादा किती, कारण न देता करार संपवायचा अधिकार सरकारला आहे का, आणि किमान तपासण्यांची हमी आहे का.
3. कोर्टाची नोंद. हायकोर्टांच्या आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. आदेश वाचा. "कोर्टाने दिलासा दिला" या घोषणेमागे अनेकदा नुसती पुढची तारीख असते.
4. पतमानांकनाचा अहवाल. क्रिसिल, इक्रा, केअर यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. येणी किती अडकली आहेत, बँकेची मर्यादा किती वापरली आहे, हे तिथे ब्रोकरच्या अहवालापेक्षा सरळ शब्दांत लिहिलेले मिळते.
5. माहितीचा अधिकार. संबंधित आरोग्य खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे साधारण १० रुपये शुल्क भरून कराराची प्रत, समाप्तीची नोटीस आणि आजवर अदा केलेल्या रकमांचा तक्ता मागा. केंद्राच्या आणि अनेक राज्यांच्या खात्यांकडे ऑनलाइनही अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. "का रद्द केले" असे विचारू नका, कागद मागा. व्यापारी गुपिताच्या कारणाने, कलम ८(१)(ड) खाली, काही भाग नाकारला जाऊ शकतो. त्यावर अपील आहे.

मध्येच एक इशारा द्यायला हवा. आपल्याकडे प्रत्येकाचा एखादा मेव्हणा जिल्हा परिषदेत किंवा आरोग्य संचालनालयात असतोच. "फाइल निघाली, पुढच्या आठवड्यात बिल पास" अशी आतली बातमी त्याने दिली आणि तुम्ही शेअर घेतले, तर तो सेबीच्या नियमांनुसार इनसायडर ट्रेडिंगचा मामला होऊ शकतो. कंपनीत नोकरीला नसलात तरी. कायद्यात दंडाची किमान रक्कमच १० लाख रुपये आहे.

ताळेबंदात नेमके काय पाहायचे

इथे थोडा वेळ काढा, कारण फसगत बहुतेक इथेच होते.

सरकारने कंपनीवर दावा केला की तो "आकस्मिक देणी" या टिपणीत जातो. हरण्याची शक्यता जिंकण्यापेक्षा जास्त वाटली तर तरतूद करावी लागते, नुसतीच शक्यता असेल तर टिपणी पुरते, आणि शक्यता अगदी दूरची असेल तर काहीच लिहावे लागत नाही. ही वर्गवारी व्यवस्थापन करते, वकिलांचा सल्ला घेऊन. त्यामुळे "टिपणीत नाही म्हणजे धोका नाही" असे नसते.

पण याहून महत्त्वाची रक्कम दुसऱ्याच जागी बसलेली असते. कंपनीने काम केले, बिल लावले आणि विक्री दाखवली. नफा त्याच वर्षी जमा झाला, त्यावर कदाचित करही भरला. पैसा मात्र आलेला नाही. हे बिल "येणी" म्हणून मालमत्तेत उभे आहे. कंपनी वाद हरली तर मागच्या दोन वर्षांचा जो नफा पाहून तुम्ही शेअर घेतला होता, तोच नफा खोडला जाईल.

सुदैवाने २०२१-२२ पासून वार्षिक अहवालात येण्यांचा वयवार तक्ता देणे कंपन्यांना सक्तीचे आहे. सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची. शिवाय वादग्रस्त आणि विनावाद अशा वेगळ्या ओळी. हा तक्ता उघडा आणि तीन गोष्टी तपासा:

- कंपनी बाहेर वाद असल्याचे मान्य करते, पण तक्त्यात "वादग्रस्त" ओळ कोरी आहे. मग निकालानंतर व्यवस्थापन गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते त्या कॉनकॉलमध्ये पहिला प्रश्न हाच.
- वर्षाच्या वरची येणी वाढत आहेत आणि बुडीत येण्यांची तरतूद आहे तिथेच आहे.
- तीन वर्षांत मिळून दाखवलेला नफा आणि धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड यांत मोठी दरी आहे. मग नफा कागदावर आहे.

लेखापरीक्षकांच्या अहवालात "एम्फसिस ऑफ मॅटर" या मथळ्याखाली एखादा परिच्छेद आहे का, तोही बघा. आकडे चुकीचे आहेत असे तो म्हणत नाही. पण लेखापरीक्षकाने बोट ठेवले त्या जागी तुम्हीही थांबायला हवे. प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवलेत का, हे तिमाही भागधारणा तक्त्यात दिसते. रोकड आटत असताना तारण वाढत असेल तर घसरणीत बँकेची विक्री तुमच्या आधी बाजारात येते.

भाव खरोखर "स्वस्त" आहे का: एक हिशेब

समजा, एका काल्पनिक कंपनीचे ४ कोटी शेअर आहेत. वादापूर्वी भाव ५०० रुपये, म्हणजे बाजारमूल्य २,००० कोटी. वार्षिक नफा ८० कोटी, म्हणजे बाजार नफ्याच्या पंचवीस पट देत होता. एका राज्याच्या कंत्राटाची ११० कोटींची बिले अडकली आणि भाव ३४० वर आला. बाजारमूल्य ६४० कोटींनी घटले.

आता गटागटांतून संदेश फिरतात, "अडकले ११० कोटी आणि बाजाराने कापले ६४० कोटी! लूट आहे लूट, उचला."

थांबा. त्या कंत्राटातून दरवर्षी किती नफा येत होता? समजा २४ कोटी. बाजार त्या नफ्यालाही पंचवीस पट किंमत देत होता, म्हणजे ६०० कोटी. कंत्राट गेले तर ते गेले, आणि वरून ११० कोटींची बिले. एकूण ७१० कोटी, कराचा हिशेब तूर्त बाजूला ठेवून. बाजाराने कापले त्यापेक्षा जास्तच. ३४० चा भाव स्वस्त नाही. त्यात अजून थोडी आशाच धरलेली आहे.

पुढचा भाग रोकडीचा. समजा हाती ७० कोटी आहेत, वर्षभरात फेडायचे कर्ज ५० कोटी, आणि पगार, भाडी, यंत्रांचे हप्ते मिळून महिन्याचा बांधील खर्च १८ कोटी. कंत्राट थांबले म्हणून जिल्हा रुग्णालयात बसवलेली यंत्रे आणि तिथले तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी नाहीसे होत नाहीत. कर्ज वजा करता उशी २० कोटींची, जेमतेम महिनाभराची. बाकीचा धंदा खर्च भागवत असेल तर ठीक. नसेल तर केस जिंकण्याआधी कंपनीला नवे शेअर विकून पैसा उभारावा लागेल आणि तुमचा हिस्सा पातळ होईल.

किती काळ टिकावे लागेल? भारतात सरकारशी कराराचा वाद लवादाकडे गेला तर निवाडा, त्यावर कलम ३४ खाली आव्हान, मग कलम ३७ चे अपील आणि त्यानंतर सुप्रीम कोर्ट असा जिना आहे. ३ जून २०२४ च्या केंद्रीय अर्थखात्याच्या सूचनांनंतर केंद्राच्या नव्या करारांत लवादाचे कलम साधारण १० कोटींच्या आतल्या वादांपुरतेच ठेवायचे धोरण आहे. मोठा वाद दिवाणी कोर्टात. केंद्राच्या कंत्राटात निवाडा विरुद्ध गेला आणि सरकार अपिलात गेले, तर बँक हमीवर ७५ टक्के रक्कम आधी द्यावी, अशी २०२१ ची सूचना आहे. तपासण्यांची कंत्राटे मात्र बहुतेक राज्यांची असतात आणि तिथे राज्याचे नियम. मी हिशेब करताना निकालाला पाच वर्षे धरतो. लवकर लागला तर आनंदच.

काळ्या यादीची गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. एका राज्याने कंपनीला काळ्या यादीत टाकले तर इतर राज्यांच्या निविदा भरताना ते जाहीर करावे लागते आणि तिथूनही दारे बंद होऊ शकतात. २०१४ च्या गोरखा सिक्युरिटी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की अशी कारवाई करण्यापूर्वी, ती प्रस्तावित आहे हे स्पष्ट लिहिलेली नोटीस द्यायला हवी. म्हणून घोषणेत नुसते "कारणे दाखवा नोटीस" असेल तर ती कशासाठी हे शोधा. दंडासाठी असेल तर एक कंत्राट धोक्यात आहे. काळ्या यादीसाठी असेल तर सगळा सरकारी धंदा.

चार वाटा

*शेअर हातात आहे आणि कंपनीचा बाकी धंदा भक्कम आहे.* कंत्राट शून्य धरून काढलेली किंमत आजच्या भावाच्या आसपास येत असेल तर ठेवायला हरकत नाही. अडकलेली रक्कम आली तर बक्षीस समजा.

*शेअर हातात आहे आणि विक्रीचा मोठा भाग याच कंत्राटाचा आहे.* विका. सगळे एकदम जमत नसेल तर निम्मे आज विका आणि उरलेल्यासाठी पुढच्या तिमाही निकालाची तारीख ठरवून ठेवा. त्या दिवशी येणी वाढलेली दिसली की बाकीचेही. "माझी खरेदी ५०० ची आहे, तिथे आला की काढतो" हा विचार सोडा. तुमची खरेदी किंमत बाजाराला ठाऊक नाही.

*नव्याने घ्यायचा मोह होतो आहे.* कंत्राट शून्य धरूनही भाव खाली असेल, कर्ज कमी असेल आणि वाद पहिल्या दोन प्रकारांतला असेल तरच. तेव्हाही एकूण शेअर गुंतवणुकीच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे मी जाणार नाही. ब्रोकरच्या उधारीवर, म्हणजे मार्जिन ट्रेडिंगवर, तर मुळीच नाही. कोर्टाची तारीख पुढे ढकलली जाते, व्याजाची नाही.

*बातमीवर दोन दिवसांचा खेळ करायचा आहे.* करणारे करतात. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

हमखास पडणारे खड्डे

- दाव्याची रक्कम आणि अडकलेली रक्कम यांची गल्लत. सरकार दिलेले पैसे परत मागत असेल तर फटका मोठा. न दिलेली बिले नाकारत असेल तर लहान. नोव्हासिटच्या प्रकरणात दोन्ही एकाच वेळी चालू होते.
- "ऑर्डर बुक" पाहून हुरळणे. किमान तपासण्यांची हमी नसेल तर कंत्राटाची जाहीर केलेली रक्कम म्हणजे नुसता अंदाज.
- सरकार बदलले की वाद मिटेल अशी आशा. बदललेली सरकारे आधीच्या कंत्राटांची चौकशीही लावतात.
- नावांची गफलत. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतल्या मोफत तपासण्यांची महालॅब योजना ज्या एचएलएल लाइफकेअरमुळे माहीत आहे, ती केंद्र सरकारची कंपनी आहे. तिचा शेअर बाजारात नाही. बातमी एका कंपनीची आणि आपटी दुसरीच्या शेअरला, असे घडते. कंत्राट उपकंपनीकडे आहे की संयुक्त भागीदारीकडे, आणि त्यात तुमच्या कंपनीचा वाटा किती, हे बघून घ्या.
- सेबीकडे नोंदणी नसलेल्या सल्लागाराची "पक्की खबर". नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळा.

भागधारक म्हणून तुमचे हक्क

एक शेअर असला तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. सभा ऑनलाइन असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवावे लागते. त्याची मुदत सभेच्या नोटिशीत असते, आणि नोटीस किमान २१ दिवस आधी येते. तिमाही कॉनकॉलमध्ये संधी मिळाली नाही तर गुंतवणूकदार संपर्क अधिकाऱ्याला ईमेल करा. प्रश्न असे ठेवा, की उत्तर आकड्यात द्यावे लागेल:

- या कंत्राटाची येणी आज किती आणि त्यांतली सहा महिन्यांवरची किती?
- त्यावर तरतूद किती केली? केली नसेल तर कोणत्या आधारावर?
- बँक हमी सरकारने वटवली आहे का?
- इतर कोणत्या राज्यांच्या निविदांत या वादाची माहिती द्यावी लागली?

माहिती दडवली किंवा उशिरा दिली असे वाटले तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार करा. घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. कंपनीने २१ दिवसांत उत्तर द्यायचे असते, आणि ते पटले नाही तर १५ दिवसांत फेरतपासणी मागता येते. तक्रारीत "माझे नुकसान झाले" असे लिहून भागत नाही. कोणती घडामोड, ती कोणत्या तारखेला घडली, बाजाराला कधी कळवली आणि नियम ३० चे उल्लंघन कसे, एवढे चार ओळींत लिहा आणि घोषणेच्या प्रती जोडा. भाव पडल्याची भरपाई स्कोअर्समधून मिळत नाही.

कंपनी कायद्याच्या कलम २४५ खाली किमान १०० भागधारक, किंवा एकूण भागधारकांच्या ५ टक्के, यांतली जी संख्या लहान असेल तितके एकत्र येऊन राष्ट्रीय कंपनी न्यायाधिकरणात सामूहिक दावा लावू शकतात. हक्क कागदावर चांगला आहे. वकिलाचा खर्च कोण करणार, इथे गाडी अडते.

लंडन-मँचेस्टरला राहणाऱ्या किंवा इथून परदेशी शेअर घेणाऱ्या वाचकांनी कंपनी कुठल्या देशात नोंदली आहे ते पाहावे. नोव्हासिटचा शेअर लंडनमध्ये घेतलेल्यांनाही भागधारक म्हणून फ्रान्सचा कंपनी कायदा लागू होता. सभेचे नियम, नव्या शेअरवरचा हक्क हे सगळे त्याप्रमाणे.

विकलेच तर कराचे एवढे पाहा

भारतात नोंदलेला शेअर वर्षभराच्या आत तोट्यात विकला तर तो अल्पकालीन तोटा. तो अल्प आणि दीर्घ अशा दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा होतो. वर्षानंतर विकला तर तोटा दीर्घकालीन आणि तो फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावर, १.२५ लाखांपुढे, १२.५ टक्के कर असल्याने वर्ष भरायला थोडे दिवस उरले असतील तर तारीख बघून विकणे फायद्याचे ठरू शकते. उरलेला तोटा पुढची आठ वर्षे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलेले असेल तरच. परदेशी शेअरला दीर्घकालीन ठरायला २४ महिने लागतात, आणि भारतातील रहिवाशाने असे शेअर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात, तोट्यात असले तरीही.